जुनं स्प्रॉकेट नमुना म्हणून देऊ नका

डहाणू-तलासरीच्या पूर्व पट्ट्यात ऑफ-रोड गाडी म्हणून वेगळी गाडी कुणी घेत नाही. तलासरीहून उधव्याकडे किंवा कासाहून सायवनकडे निघालं आणि डांबर सोडून पाड्याची वाट धरली, की शंभर सीसीची साधी मोटारसायकलसुद्धा ऑफ-रोडच चालते. मुरमाचे चढ, ओहोळातले गोटे, भाताच्या खाचरांचे बांध, पावसाने माती वाहून गेल्यावर वर आलेला खडक. त्याच गाडीवर भाताचं पोतं, सिमेंटची गोणी, बाजाराच्या दिवशी तिघं-तिघं, आणि रात्री-बेरात्री दोघांच्या मध्ये धरून बसवलेला तापाचा पेशंट. या सगळ्याचा भार इंजिनाकडून मागच्या चाकाकडे जातो तो एका चेनवरून आणि दोन दातेरी चक्रांवरून, म्हणजे स्प्रॉकेटांवरून.

मी याच पट्ट्यात दुचाक्यांचं गॅरेज चालवतो. चेन-स्प्रॉकेटचं काम आमच्याकडे बारमाही असतं, आणि माणसं पैसे घालवून फसतात तीही बहुतेक याच कामात. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे.

नेहमीच्या गाड्यांचा प्रश्न सोपा आहे. स्प्लेंडर, शाइन, प्लॅटिना यांचे चेन-सेट डहाणू, कासा, तलासरी, कुठेही मिळतात. कोइम्बतूरच्या एलजीबीचा रोलॉन असो किंवा टीआयडीसीचा डायमंड, खोक्यावर गाडीचं नाव बघायचं, होलोग्राम बघायचा आणि बसवायचा. अडचण येते ती दोन ठिकाणी. गाडी बंद झालेली असते आणि तिचं स्प्रॉकेट दुकानात मिळत नाही. किंवा गाडी चालू मॉडेलची असते, पण चढासाठी कंपनीने दिलेत त्यापेक्षा वेगळे दाते हवे असतात. मग माणूस म्हणतो, बनवूनच घेऊ.

बनवायचं तर कुठे? डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला आणि मोठ्या कारखान्यांना इथे लगाम बसला. चिकूच्या वाड्या राहिल्या, हवा राहिली, त्याचा मला आनंदच आहे. पण त्यामुळे दाते पाडणारी मशिनं, लेझर कटिंग, हार्डनिंगची भट्टी हे सगळं आम्हाला उंबरगावला, वापीला नाहीतर खाली बोईसर-तारापूरला शोधावं लागतं. म्हणजे वस्तू बनते पन्नासेक किलोमीटरवर, आणि बनवणाऱ्याने गाडी पाहिलेलीच नसते. त्याच्या हातात एकच गोष्ट पडते, ग्राहकाने पिशवीतून नेलेलं जुनं, झिजलेलं स्प्रॉकेट. सगळा घोळ तिथून सुरू होतो.

एका प्राथमिक आरोग्य केंद्रातले आरोग्यसेवक माझे जुने ग्राहक आहेत. त्यांच्याकडे हिरोची इम्पल्स आहे. २०११ साली आलेली ही दीडशे सीसीची उंच गाडी कंपनीने पुढे बंद केली. आमच्या भागात ज्यांच्याकडे ती आहे ते मात्र विकायला तयार होत नाहीत, कारण ओहोळ ओलांडताना तिचं पोट दगडाला टेकत नाही. त्यांचं मागचं स्प्रॉकेट संपलं. मी दोन-तीन ठिकाणी चौकशी लावली होती, पण त्यांची लसीकरणाची सत्रं ठरलेली, थांबणं शक्य नव्हतं. कुणीतरी सांगितलं म्हणून ते हद्दीपलीकडच्या एका वर्कशॉपात गेले, जुनं स्प्रॉकेट टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, असंच्या असं काढून द्या. दुसऱ्या दिवशी नवंकोरं, चकचकीत चक्र हातात आलं. बसलंही बरोबर.

ऐन पावसात, पाड्याच्या चढावर, पहिल्या गिअरात गाडी ओढत असताना चेनने दाता सोडला. आधी कडकड असा आवाज आला आणि गाडीने झटका दिला. त्यांनी गॅस कमी केला, पुन्हा दिला, आणि चेन उतरली. उतरलेली चेन पुढच्या छोट्या स्प्रॉकेटपाशी गोळा झाली, मागचं चाक जाम झालं, आणि इंजिनाच्या डाव्या बाजूच्या केसिंगचा तुकडा उडाला. गाडी आडवी. त्यांचा गुडघा सोलवटला. लसीचा निळा डबा पाड्यावरच्या पोरांनी हातोहात सत्राच्या जागेवर पोचवला आणि गाडी टेम्पोत घालून माझ्याकडे आली. हीच चेन राष्ट्रीय महामार्गावर, मागे ट्रेलर असताना उतरली असती तर काय झालं असतं, याचा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

“भाऊ, नवंच तर होतं,” एवढंच ते म्हणत होते.

मी ते नवं चक्र काढून, ज्याच्यावरून ते बनवलं होतं त्या जुन्या चक्रावर ठेवलं. दाता न् दाता जुळला. वर्कशॉपवाल्याने सांगितल्याप्रमाणे अगदी प्रामाणिकपणे नक्कल केली होती, आणि हाच रोग होता. जुन्या स्प्रॉकेटचे दाते झिजून पुढे वाकल्यासारखे झालेले, आकड्यासारखे. ते आकडे कागदावर उतरले, कागदावरून लेझरच्या मशिनमध्ये गेले आणि नव्या पत्र्यात कापून आले. म्हणजे गाडीला नवं स्प्रॉकेट मिळालंच नाही. झिजलेलं स्प्रॉकेटच नव्या पोलादात मिळालं. नवी चेन त्याच्यावर बाकावर गुंडाळून पाहिली, तर दोन दात्यांमधल्या खोबणी रोलरपेक्षा रुंद होत्या आणि चेन मागे-पुढे हलत होती. चेन ओढून चक्र फिरवलं की ज्या ठिकाणी तिने दाता सोडून निघून जायला हवं, तिथे रोलर आकड्यात अडकायचा, दात्याबरोबर वर उचलला जायचा आणि मग सुटायचा. रिकाम्या हाताने फिरवताना हे होत होतं. चढावर दोन माणसांचा भार घेऊन काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

बोल्टची भोकंही तशीच. जुनी भोकं वापरून लांबट झालेली होती, ती लांबटच उतरली. पत्रा पूर्ण ८ मिलिमीटरचा, जसा आला तसा. इम्पल्सची चेन ४२८ नंबरची. तिच्या आतल्या दोन पट्ट्यांमधली जागा ७.९४ मिलिमीटर असते. ८ चा दाता ७.९४ मध्ये घुसतो तो घासूनच. पट्ट्यांच्या आतल्या बाजूला चमकणारे ओरखडे उठले होते आणि दात्यांच्या बगला निळसर पडल्या होत्या. कानस लावली तर लोणी कापावं तसं पोलाद निघालं. साधा एमएसचा, म्हणजे माइल्ड स्टीलचा पत्रा, त्याला कसलंही पाणी दिलेलं नव्हतं.

आता हे टाळायचं कसं, ते सांगतो.

स्प्रॉकेट बनवायला देताना मोजमाप दोनच ठिकाणांहून घ्यायचं: नव्या चेनवरून आणि चाकाच्या हबवरून. जुनं स्प्रॉकेट फक्त दाते मोजायला वापरायचं, आणि ते पोटातून सरळ आहे की एका बाजूला उचललेलं आहे एवढं बघायला. दात्याचा आकार, खोबणीची खोली, भोकाचा व्यास यांतलं काहीही झिजलेल्या वस्तूवरून उतरवायचं नाही.

चेनवरून तीन आकडे लागतात. पिच, म्हणजे एका पिनच्या मध्यापासून पुढच्या पिनच्या मध्यापर्यंतचं अंतर, रोलरचा व्यास, आणि आतली रुंदी. नवशिक्याची सर्वांत मोठी चूक इथे होते, कारण बहुतेकांना फक्त पिच माहीत असतो. “अर्धा इंची चेन आहे” असं सांगून माणूस मोकळा होतो. अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर पिचच्या चेनी किमान चार तरी प्रकारच्या आपल्या आसपास फिरत असतात. सायकलची, छोट्या मोपेडची ४२०, मोटारसायकलची ४२८ आणि कारखान्यांत कन्व्हेयरवर, मोटरवर चालणारी औद्योगिक चेन. पिच सगळ्यांचा एकच, पण ४२८ चा रोलर ८.५१ मिलिमीटरचा असतो, ४२० चा ७.७७ चा, आणि अमेरिकन मापाच्या औद्योगिक चेनचा ७.९२ चा. वर्कशॉपात दाते पाडायचं कटर बहुधा औद्योगिक चेनचंच असतं, कारण त्यांचं रोजचं काम तेच. ते अमेरिकन मापाचं असेल तर त्याने पाडलेल्या खोबणीत मोटारसायकलचा जाडा रोलर तळाला टेकत नाही, थोडा वर तरंगतो. एका दात्यावर हा फरक नखाएवढाही दिसत नाही. पण पुढच्या दात्यावर त्यात भर पडते, त्याच्या पुढच्यावर आणखी, आणि अर्धं चक्र गुंडाळेपर्यंत रोलर दात्याच्या टोकावर चढून बसलेला दिसतो.

आरोग्यसेवकांचं स्प्रॉकेट दुसऱ्यांदा बनवायला मी स्वतः वर्कशॉपात गेलो तेव्हा तिथल्या मिस्त्रींनी पहिला प्रश्न तोच विचारला: “अर्धा इंच ना?” मी नव्या चेनचा तुकडा आणि व्हर्नियर त्यांच्यासमोर ठेवला. रोलर मोजल्यावर त्यांनी कटर बदललं. भला माणूस, सांगितलं तर ऐकणारा. पण न सांगता कुणाला कळणार?

खोबणीचा हिशेब फार अवघड नाही, आणि तो ग्राहकाला येत असला तर वर्कशॉपवालाही काम जपून करतो. १८० अंशांना दात्यांच्या संख्येने भागायचं, जो कोन येईल त्याची साइन मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये काढायची आणि पिचला तिने भागायचं. येतो तो पिच वर्तुळाचा व्यास, म्हणजे चेनच्या पिना ज्या वर्तुळावरून फिरतात ते वर्तुळ. त्यातून रोलरचा व्यास वजा केला की खोबणीच्या तळाचा व्यास मिळतो. ४२८ चेन आणि ४२ दाते धरले तर पिच वर्तुळ १६९.९४ मिलिमीटर आणि तळाचा व्यास १६१.४३. वस्तू हातात आली की समोरासमोरच्या दोन खोबणींच्या तळांत व्हर्नियर लावून हा दुसरा आकडा तपासायचा. दाते विषम असतील, तर बरोबर समोर खोबणी येत नाही, दाता येतो. तेव्हा नव्या चेननेच पारख करावी. खोबणीच्या तळाची गोलाई रोलरच्या त्रिज्येपेक्षा किंचित मोठी, ४२८ साठी साधारण ४.३ मिलिमीटर. रोलर चेन आणि तिच्या चक्रांसाठी आपल्याकडे आयएस २४०३ हे भारतीय मानक आहे. चांगल्या वर्कशॉपला त्याचं नाव सांगितलं तरी दात्याचा आकार ते त्यातून काढतात.

दात्याची जाडी चेनच्या आतल्या रुंदीपेक्षा कमी हवी. ४२८ ला सव्वासातच्या आसपास ठेवली की चेन मोकळी फिरते. म्हणून ८ चा पत्रा घेतला तरी लेथवर तो दोन्ही बाजूंनी उतरवून घ्यायचा, आणि दात्याच्या टोकाकडे दोन्ही बगलांना उतार द्यायचा. कंपनीच्या स्प्रॉकेटचा दाता वरून बघा, तो टोकाला निमुळता असतो. चाक जरासं तिरपं बसलं किंवा ओहोळात चेन आडवी हलली, तरी त्या उतारावरून पट्टी घसरून जागेवर येते. लेझरने कापलेल्या दात्याची बगल सरळ, चौकोनी राहते आणि पट्टी तिच्यावर चढते.

आता हब. मागचं स्प्रॉकेट मध्यावर धरतं ते बहुतेक गाड्यांत मधलं मोठं भोक. बोल्टचं काम ते दाबून धरायचं. हबवर एक गोल उंचवटा असतो, त्याच्यावर हे भोक हलक्या हाताने बसलं पाहिजे, डगडगता कामा नये. त्या उंचवट्याचा व्यास व्हर्नियरने हबवरच मोजायचा, दोन दिशांनी. लेझरवाल्याला मधलं भोक मुद्दाम दीड-दोन मिलिमीटर लहान कापायला सांगायचं आणि शेवटचं माप लेथवर घ्यायचं. बोल्टच्या वर्तुळाचंही तसंच. चार बोल्ट असतील तर समोरासमोरच्या दोन बोल्टांच्या मध्यांतलं अंतर हाच वर्तुळाचा व्यास, सहा असतील तरी तेच. पाच असतील तर समोर कुणी नसतं. तेव्हा शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यांतलं अंतर मोजून त्याला ०.५८८ ने भागायचं. हे सगळं एका कागदावर आकृती काढून लिहायचं, खाली चेनचा नंबर लिहायचा, आणि त्या कागदाची एक प्रत गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवायची. पुढच्या वेळी पिशवीतून झिजलेलं लोखंड न्यायची वेळच येत नाही.

स्प्रॉकेट मध्यावर बसलेलं नसलं तर ते लगेच कळतं, फक्त बघायला हवं. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, नसला तर मागचं चाक उचलून धरा, आणि चाक सावकाश फिरवत खालच्या चेनला बोटाने उचलत राहा. एका जागी चेन ताठ लागते आणि अर्ध्या फेऱ्याने लोंबते. काही मेकॅनिक अशा वेळी ढिल्या जागेवर चेन ताणून देतात. मग ताठ जागेवर ती तारेसारखी होते आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग खाते.

धातूबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण लबाडी इथेच लपते. डोळ्यांना एमएस आणि चांगलं पोलाद सारखंच दिसतं. एमएसमध्ये कार्बन इतका कमी असतो, ०.२ टक्क्याच्या आसपास, की तापवून पाण्यात बुडवलं तरी ते म्हणावं तसं कठीण होत नाही. मागच्या स्प्रॉकेटसाठी ईएन-८ किंवा सी-४५ मागायचं. त्यात कार्बन ०.४ टक्क्याच्या आसपास असतो. कापून झाल्यावर फक्त दात्यांना इंडक्शन हार्डनिंग करून घ्यायचं, कठीणपणाच्या रॉकवेल मापावर ४५ ते ५० पर्यंत. आमच्याकडचा लोहार कोयत्याची धारच पाण्यात धरतो, मागचा भाग मऊ ठेवतो, म्हणून कोयता बांबूवर मारला तरी तुटत नाही. स्प्रॉकेटचंही तसंच, दाते कठीण आणि बोल्टकडचा भाग चिवट. अख्खं चक्र तापवून तेलात टाकलं तर ते वाकडं होतं, आणि भोकांच्या कडेला तडा जाण्याची भीती राहते.

हे पारखायचं कसं, ते मला वाणगावकडच्या एका डाय कोरणाऱ्या कारागिराने शिकवलं. चिंचणी-वाणगाव पट्ट्यात दागिन्यांच्या डाय हाताने कोरणारे कारागीर आहेत. मऊ पोलादात नक्षी कोरायची आणि मग त्याला पाणी पाजायचं हे त्यांचं काम. त्यांच्याइतकी पोलादाची जाण आमच्या तालुक्यात कुणाला नसेल. ते म्हणाले, नवी बारीक कानस घे आणि दात्याच्या बाजूला, जिथे चेन टेकत नाही तिथे, एकदाच फिरव. मऊ पोलादात कानस चावते आणि बुरा निघतो. ४५-५० ला ती नाखुशीने, जोर लावल्यावर थोडी लागते. साठीच्या घरात गेलेल्या पोलादावर काचेवरून सरकावी तशी निसटते. मी आता दात्यावर कानस फिरवल्याशिवाय वस्तू ताब्यात घेत नाही. लेझरने कापलेली कड नुसत्या कापण्याच्या उष्णतेनेही वरवर कठीण होते, म्हणून कानस कापलेल्या कडेवर न फिरवता उतरवलेल्या बगलेवर फिरवावी, नाहीतर फसगत होते.

अ‍ॅल्युमिनियमची स्प्रॉकेटं हल्ली तरुण मुलं मागतात. ७०७५ दर्जाची असली तर मजबूत असतात आणि हलकी असतात, शर्यतीला ठीक. पण आमच्या चिखलात मुरमाची रवाळ वाळू असते, समुद्राकडे गेलं तर पुळणीची वाळू. ती चेनबरोबर दात्यावर घासली जाते आणि अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या मानाने फार लवकर संपतं. रोज दुधाचे कॅन किंवा लसीचा डबा नेणाऱ्या माणसाला मी ते देत नाही.

दात्यांची संख्या निवडताना लोभ आवरायचा. चढावर क्लच जळतो, पहिल्या गिअरात गाडी गुदमरते, तर ओढ वाढवायला हवी हे खरं. पुढे १४ आणि मागे ४२ असतील तर इंजिनाकडच्या तीन फेऱ्यांना चाकाची एक फेरी होते. पुढचा एक दाता कमी करून १३ केला की ओढ पावणेआठ टक्क्यांनी वाढते. मागे तीन दाते वाढवून ४५ केले तरी जवळपास तेवढीच वाढते. मात्र महामार्गावर इंजिनाच्या ज्या आवाजाला गाडी साठने जायची, त्याच आवाजाला ती छप्पन्नने जाते. तलासरी ते चारोटी रोज महामार्गाने जाणाऱ्याला हे पेट्रोलमध्ये आणि इंजिनाच्या झिजेत भरावं लागतं. ज्यांचं रोजचं जाणं-येणं पाड्यांवरच आहे त्यांनी करावं, बाकीच्यांनी क्लच आणि कार्बोरेटर आधी बघून घ्यावं.

पुढे एक दाता कमी करणं स्वस्त पडतं म्हणून सगळे तेच करतात. छोट्या चक्रावर चेन जास्त वाकते, जास्त हिसके देते. चेन म्हणजे गोल पट्टा नव्हे. ती दात्या-दात्याला मुरडते आणि त्यामुळे तिचा वेग प्रत्येक दात्यागणिक कमी-जास्त होतो. १४ दात्यांवर हा चढउतार अडीच टक्क्यांचा असतो, १२ वर जवळजवळ साडेतीनचा. शिवाय चेन खाली उतरून स्विंगआर्मवरच्या रबराला घासू लागते. रबर कापलं की लोखंडाला. म्हणून तेरापेक्षा खाली मी सहसा जात नाही, मागचे वाढवतो. मागचे वाढवले तर चेनही वाढवावी लागते, चार दात्यांमागे साधारण दोन कड्या. आणि चेनगार्डला घासत नाही ना हे चाक हाताने पूर्ण फिरवून बघायचं.

शक्य असेल तर मागचे दाते विषम घ्यावेत. चेनच्या कड्या नेहमी सम असतात. दातेही सम असले तर तोच दाता कायम बाहेरच्या पट्टीच्या कड्यांमध्ये येतो आणि शेजारचा कायम आतल्या; झीज एकाआड एक होते. ४२ च्या जागी ४३ घेतले की हा क्रम मोडतो. आरोग्यसेवकांना मी मूळच्यापेक्षा एकच दाता वाढवून दिला.

पुढचं छोटं स्प्रॉकेट मात्र कुणीही बनवून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्या आतल्या खाचा शाफ्टच्या खाचांवर बसतात. त्या सैल झाल्या तर शाफ्टच झिजतो, आणि शाफ्ट बदलायचा म्हणजे इंजिन खोलायचं. त्याचं पोलाद वेगळं, त्याला कार्बन चढवून हार्डनिंग करावं लागतं. छोट्या वर्कशॉपात ते नीट होत नाही. बंद झालेल्या गाड्यांचंही पुढचं स्प्रॉकेट बहुधा त्याच कंपनीच्या चालू गाडीचं बसतं. खाचा मोजून, चेनचा नंबर जुळवून शोधावं, थांबावं लागलं तर थांबावं. जुन्या मधल्या भागाला नव्या दात्यांची कडी वेल्ड करून देणारेही भेटतात. चिकूच्या वाडीत चालण्याच्या वेगाने फिरणाऱ्या पॉवर वीडरला ते एखादा हंगाम चालेल. माणूस बसतो त्या गाडीला नाही.

चेन आणि दोन्ही स्प्रॉकेटं एकत्र बदला हे सगळेच सांगतात, कारण सांगत नाहीत. चेन लांबते म्हणजे पट्ट्या ताणल्या जात नाहीत. आतल्या पिना आणि बुशा झिजतात, आणि प्रत्येक कडीत केसभर पिच वाढतो. वाढलेल्या पिचची चेन नव्या दात्यांवर बसवली तर ती त्यांना आपल्या मापाचं करून घेते. ४२८ च्या वीस पिच म्हणजे नव्या चेनमध्ये २५४ मिलिमीटर. चेन ताणून धरून एका पिनच्या मध्यापासून मोजा. २५९ भरली की ती काढायची. बुलेट ट्रेनच्या कामावरचे पोकलेनचे ऑपरेटर कधीकधी त्यांच्या दुचाक्या घेऊन येतात. त्यांच्या मशिनलाही हाच नियम आहे. पट्ट्याच्या बुशा एका बाजूने झिजल्या की अर्ध्या फेऱ्याने फिरवून बसवतात, म्हणजे दात्यापुढे न झिजलेली बाजू येते आणि स्प्रॉकेट वाचतं. मोटारसायकलच्या चेनला ती सोय नाही.

वस्तू ताब्यात घेताना पैसे देण्याआधी नवी चेन वर्कशॉपातच तिच्यावर गुंडाळून पाहा. अर्ध्या चक्रावर चेन हाताने ताणली की पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक रोलर तळाला टेकला पाहिजे, आणि मधल्या ठिकाणी चेन धरून बाहेर ओढली तर ती उचलली जाता कामा नये. ओढत फिरवल्यावर रोलर न अडकता सुटला पाहिजे. यातलं काही चुकलं तर वस्तू तिथेच ठेवावी. वर्कशॉपवाला म्हणेल, चालवून चालवून बसेल. ते बसत नाही, चेन खातं.

बसवताना हबमधली डॅम्पर रबरं बघा. ती चेपली असतील तर स्प्रॉकेट कितीही चांगलं असो, गॅस देताच ठोका बसतो. चेनच्या लॉकची क्लिप बंद बाजूने चेन फिरते त्या दिशेला हवी, उघडं तोंड मागे. ताण गाडीच्या पुस्तकात दिला असेल तो ठेवा, पण उंच, लांब सस्पेन्शनच्या गाडीला तो माणूस बसवून तपासा, कारण माणूस बसल्यावर मागचं चाक, स्विंगआर्मचा खिळा आणि पुढचं स्प्रॉकेट एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत ताठ होते. बोल्ट नवे वापरा, लॉक-वॉशर वाकवलेला असेल तर तोही नवा. पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर गाडी परत आणून बोल्ट आवळून घ्या आणि चेनचा ताण पुन्हा बघा. नव्या पोलादावर नवी चेन तेवढ्यात जरा बसते. पावसाळ्यात रोज संध्याकाळी चिखल धुवून, चेन पुसून नव्वद नंबरचं गिअर ऑइल खालच्या चेनच्या आतल्या बाजूला सोडा आणि चाक फिरवा. उन्हाळ्यात ते कमी करा, धूळ चिकटते.